अनुरेखकाची सही

रविवारी रात्री साडेनऊला, ऐरोलीला बहिणीच्या घरी, जेवणाचं टेबल पुसून झालं आणि भाचीने त्याचा ताबा घेतला. सोमवारी विज्ञानाचं जर्नल द्यायचं होतं आणि हृदयाची आकृती राहिली होती. तिने मोबाइल उताणा ठेवला, ब्राइटनेस शेवटपर्यंत ओढला, हृदयाचं चित्र मोठं केलं, त्यावर प्रिंटरचा कागद पसरला आणि आम्हाला ट्यूबलाइट बंद करायला लावली. आता घरात उजेड फक्त त्या हृदयाचा. बाकीचे आम्ही अंधारात चाचपडत आइस्क्रीम खात बसलो.

पहिली दहा मिनिटं वैतागात गेली. रेघ मारताना तळहाताची कड कागदाला टेकली की खालचं हृदय सरकायचं, नाहीतर एकदम दुप्पट व्हायचं. मोबाइलच्या पडद्याला दाब कळत नाही. अंगातून वीज वाहू शकते एवढंच त्याला कळतं, आणि मध्ये पातळ कागद आला तरी ते त्याच्यापासून लपत नाही. "मावशी, परत पळालं गं हे!" शेवटी तिने टच बंद ठेवणारं कुठलंसं ॲप शोधलं आणि हृदय जागेवर बसलं. पण जर्नलचं पान जाड, त्यातून उजेड येत नाही. म्हणून ट्रेस केलेला कागद उलटा करून त्याची पाठ फोर-बी पेन्सिलीने काळी केली, तो सुलटा करून जर्नलवर ठेवला, संपलेल्या रिफिलने पुन्हा सगळ्या रेषांवरून फिरली, आणि खाली जी पुसट राखाडी आकृती उमटली तिच्यावरून तिसऱ्यांदा एच-बी चालवली. सव्वा तासाने हृदय तयार. शुद्ध रक्ताला लाल, अशुद्धाला निळा. अगदी छापल्यासारखं.

मग नावं द्यायला घेतली. पानाच्या उजव्या बाजूला वर जो कप्पा होता त्याला तिने बाण काढला आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिलं, "उजवे अलिंद".

पुस्तकातलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते.

"हे हृदय कोणाचं आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुझं, की तुझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं?"

तिने आकृतीकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, परत आकृतीकडे पाहिलं आणि मुकाट्याने खोडरबर शोधायला लागली. एकाच हृदयावरून तीन वेळा हात फिरला होता आणि डावं-उजवं हा प्रश्न तिन्ही वेळा वाटेत आडवा आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सूचना आली. मोबाइलवरून ट्रेस केलेल्या आकृत्या यापुढे स्वीकारल्या जाणार नाहीत. बहिणीने ती मला पाठवली तोवर ग्रुपवर दोन तट पडले होते. एका गटाला आनंद झाला होता: बरं झालं, सगळं आयतं पाहिजे या मुलांना. दुसरा गट जुन्या आठवणींत शिरला होता: आम्हीही खिडकीच्या काचेला कागद लावून नकाशे काढले, काचेच्या टीपॉयखाली टेबललॅम्प ठेवला, काय बिघडलं आमचं? मला दोघांचंही पटलं नाही. त्याचं कारण माझ्या बाबांच्या नोकरीत आहे.

बाबा ठाण्यात एका सरकारी बांधकाम कार्यालयात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. हे रीतसर पद आहे, त्याला वेतनश्रेणी आहे, आणि सरकारी भरतीच्या याद्यांमध्ये ते आजही दिसतं. आरेखकाने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर, म्हणजे खालचं दिसेल अशा कापडावर, शाईने उतरवायचा, हे काम. त्या कापडावरून अमोनियाच्या वाफेत उमटवलेल्या प्रती निघायच्या आणि साइटवर जायच्या. गवंड्याच्या हातात जो कागद पडायचा त्यावरच्या रेषा बाबांच्या असायच्या.

शाळेत वडिलांचं काम सांगताना मी "ट्रेसिंग करतात" म्हटलं तर वर्ग हसला होता. कारण चित्रकलेच्या सरांनी आदल्याच आठवड्यात ट्रेसिंग केलं म्हणून एकाच्या पाठीत धपाटा घातला होता. घरी येऊन मी बाबांना विचारलं, तुम्हाला कोणी ओरडत नाही का? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही.

सुट्टीत कधी कधी मी त्यांच्याबरोबर ऑफिसात जायचे. जिन्यातच अमोनियाचा वास नाकात शिरायचा आणि डोळ्यांना पाणी यायचं. ट्रेसिंग क्लॉथला खळ असते. मे महिन्याच्या ठाण्यातल्या उकाड्यात घामाचा एक थेंब त्यावर पडला की तिथं डाग पडणार आणि शाई फुटणार. म्हणून बाबांच्या मनगटाखाली कायम घडी घातलेला रुमाल. शाई नीट धरावी म्हणून आधी कापडावर खडूची बारीक पूड चोळायची, झटकायची. चुकलंच तर अर्ध्या ब्लेडने खरवडायचं, तेही असं की कापडाचा पापुद्रा निघता कामा नये. मला ते सगळं एखाद्या ऑपरेशनसारखं वाटायचं.

एकदा अर्धा उतरवलेला नकाशा त्यांनी मध्येच थांबवला. दोन समोच्च रेषा एका जागी एकमेकींना छेदून गेल्या होत्या. समोच्च रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडते. नव्वद मीटरची रेषा पंच्याण्णव मीटरच्या रेषेला छेदून गेली म्हणजे जमिनीचा तोच ठिपका एकाच वेळी दोन उंचींवर आहे. पुढे झुकलेला कडा असता तर गोष्ट वेगळी, पण तो साध्या रस्त्याचा नकाशा होता. बाबा उठून आरेखकाच्या टेबलाशी गेले, दोघं बराच वेळ डोकी खुपसून बसले, आणि मूळ पेन्सिलीची रेघ दुरुस्त झाली. "तुम्ही फक्त गिरवायचं ना?" मी विचारलं. "गिरवायचंच," ते म्हणाले, "पण डोळे मिटून गिरवायचं असं कुठे लिहिलंय?"

प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असायची. ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अशा एकाखाली एक ओळी. दुसऱ्या ओळीसमोर बाबांची इवलीशी आद्याक्षरं. नकाशा कोणी काढला ते वर, कोणी गिरवला ते मध्ये, कोणी तपासला ते खाली. साइटवर काही चुकलं तर चूक कुठल्या ओळीत झाली ते शोधता यायचं. आणि ट्रेस्ड या ओळीसमोर सही करताना बाबांची मान खाली गेलेली मी कधी पाहिली नाही.

जर्नलच्या पानावर ही चौकट नाही, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तिथं एकच नाव असतं, मुलाचं, आणि पानावर जे काही आहे ते त्याने ‘काढलं’ असं धरून चाललं जातं. मग पडद्यावरून गिरवणाऱ्या मुलासमोर दोनच वाटा उरतात: लपवायचं किंवा पकडलं जायचं. शाळेपुढेही दोनच: डोळेझाक करायची किंवा बंदी घालायची. बंदीचा तर उपयोगच नाही. रेघ पडद्यावरून आली की पुस्तकावरून की बटर पेपरवरून, हे जर्नलच्या पानावर कोणाला ओळखता येणार? ओळखता येईल ते फक्त नीटसपणावरून. म्हणजे ज्या मुलाचा हात मुळात चांगला आहे त्याच्यावर संशय घ्यायचा आणि ज्याने वेडंवाकडं ट्रेस केलं तो सुटला.

आपल्या भाषेत गिरवण्याची कधी लाज नव्हती. धुळाक्षरांपासून आपण सगळे गिरवतच शिकलो. पाटीवर बाई एक मोठा ‘अ’ काढून द्यायच्या आणि आपण त्यावरून पेन्सिल फिरवत राहायचो, इतकी की तो ‘अ’ सुरवंटासारखा जाडजूड व्हायचा. अक्षराला वळण लागलं असं आपण म्हणतो, आणि मुलाला वळण लागलं असंही म्हणतो. ‘कित्ता गिरवणं’ हा वाक्प्रचार थोरांच्या आयुष्याबद्दल वापरायलाही आपल्याला काही वाटत नाही. भूगोलाला भारताच्या नकाशाचा प्लॅस्टिकचा स्टेन्सिल तर राजरोस चालतो, बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा. तिथं कोणी म्हणत नाही की गुजरातचा किनारा हाताने काढता आला पाहिजे. कारण तिथं प्रश्न किनाऱ्याचा नसतोच, काळी मृदा कुठे आणि मँगनीज कुठे हा असतो.

पण कित्त्याच्या वहीत एक गोष्ट असायची ती पडद्यात नाही. वर छापील ओळ, तिच्याखाली ठिपक्याठिपक्यांची, आणि तिच्याखाली रिकामी. सगळं त्या रिकाम्या ओळीसाठी होतं. वरच्या दोन ओळी जमल्या की नाही ते तिसरी सांगायची, आणि बाईंची लाल खूणही तिसरीवरच पडायची. पाटीवरचा सुरवंटी ‘अ’ कोणाला दाखवायचा नव्हता, थुंकीने पुसून टाकायचा होता. (हो, थुंकीने. पाण्याची बाटली ही नंतरची चैन.) मोबाइलवरून ट्रेस केलेल्या हृदयाखाली रिकामी ओळ नाही. गिरवलेलं तेच सादर केलेलं, आणि गुणही त्यालाच.

चित्रकलेच्या शिक्षकांचा आक्षेप यापेक्षा खोल आहे आणि तो मला मान्य आहे. ते म्हणतात, ट्रेस करणाऱ्याची रेषा मेलेली असते. खरं आहे. पेला समोर ठेवून काढताना काठाशी हात थबकतो, सावलीच्या बाजूला नकळत दाब वाढतो, कुठे रेघ तुटते. ट्रेस करताना हाताला पेला दिसतच नाही, नुसती कड दिसते आणि पेन्सिल तिच्यावरून सगळीकडे सारख्याच दाबाने जाते. शिवाय पडद्यावर असतो तो फोटो. लेन्सने घ्यायचे ते निर्णय आधीच घेऊन टाकलेले असतात. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, कान मागे जातात. आपल्याला ते खटकत नाही, कारण आपण माणूस ओळखण्यात गुंतलेलो असतो. तोच फोटो ट्रेस करून नुसत्या रेषा उरल्या की घरातली आजी म्हणते, हा कोण? नाक याचं नाही हे.

तरीही या आक्षेपापुढे दोन प्रश्न मी ठेवीन. एक म्हणजे, मुलांना बघून काढायला शाळेत शिकवतं कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत पट शंभराच्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा. अंशकालीन, आणि तोही शंभराच्या वर. चित्रकलेचा तास गणिताला कधी जातो हे ज्याच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे त्याला सांगायला नको. जे शिकवलंच नाही ते आलं पाहिजे म्हणून धपाटा घालण्यात काय अर्थ?

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे, आणि तो विचारला की क्लासवाले रागावतात. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला, स्मरणचित्राचा पेपर असतो. तिथं मोबाइल नाही, समोर वस्तू नाही, जे डोक्यात आहे ते काढायचं. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात मुलं वर्षभर चार-पाच दृश्यं पाठ करतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीवाला म्हातारा, फुगेवाला, एक पाठमोरं मूल. विषय बाजाराचा आला तरी तीच मंडळी, जत्रेचा आला तरी तीच, आणि बसस्टॉपचा आला तर तीच मंडळी रांगेत उभी. हे सरांच्या वहीतून गिरवून गिरवून मुरवलेलं असतं. त्याला आपण स्मरण म्हणतो आणि श्रेणी देतो, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. मग पडद्यावरून गिरवणाऱ्यालाच पकडायचं का?

चित्रकारांच्या जगात गिरवणं कधीच निषिद्ध नव्हतं. मुघल चित्रशाळांत हरणाच्या पातळ पारदर्शक कातड्यावर जुनं चित्र उतरवून घेत, त्याला चरबा म्हणत. त्या रेषांवर सुईने भोकं पाडून वरून कोळशाची पूड झटकली की खाली ठिपक्यांचं चित्र उमटे. ठाण्यात चरईला आमच्या शेजारी एक बाई ब्लाउजवर भरतकामाची नक्षी छापून द्यायच्या, त्यांची रीत अगदी हीच होती. बटर पेपरला सुईने भोकं, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ, आणि कापडाचा बोळा. एका हाताने कागद दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बोळा एकदाच, न घासता, फिरवायचा. दोनदा फिरवला की मोराला दोन माना. मुघल दरबाराबद्दल मी वाचलं ते फार नंतर, आणि वाचताना नाकात रॉकेलचा वास आला. आजही नवी मुंबईतल्या भिंती स्वच्छ सर्वेक्षणासाठी रंगवल्या जातात, फ्लेमिंगो उभे राहतात, ते काही कोणी शिडीवर उभं राहून अंदाजाने काढत नाही. चौकोन आखतात किंवा रात्री प्रोजेक्टर लावतात. वीस फुटी फ्लेमिंगो रंगवणाऱ्याला शिडीवरून त्याची चोचही पुरी दिसत नाही. त्याने काय करावं?

अजिंठ्याची गोष्ट तर सगळ्यात बोलकी. १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. कामाचं स्वरूप काय, तर भिंतीवर आहे ते कॅनव्हासवर उतरवणं, स्वतःचं काही न घालता. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे ते नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या रेषेमागे जाऊन त्यांचा हात मेला नाही. पण त्यांनी केलं ते प्रत म्हणून केलं, प्रत म्हणूनच लंडनला गेलं, आणि तिथल्या १८८५ च्या आगीत त्यातल्या पुष्कळ प्रती जळाल्या तेव्हाही प्रतीच जळाल्या अशी नोंद झाली. बाबांच्या चौकटीतली मधली ओळ ती हीच.

आणि ज्याला वाटतं की साधन मिळालं म्हणजे कोणीही काढू शकतो, त्याने टॅल्बट नावाच्या इंग्रज संशोधकाची फजिती ऐकावी. १८०६ साली वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने कॅमेरा ल्युसिडा या उपकरणाचं पेटंट घेतलं होतं. दांडीवर बसवलेला एक छोटा लोलक, त्यातून पाहिलं की समोरचा देखावा खालच्या कागदावर तरंगल्यासारखा दिसतो आणि त्यावरून पेन्सिल फिरवायची. म्हणजे भाचीचा मोबाइलच, फक्त हृदय पळून न जाणारा. १८३३ मध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट इटलीत कोमो सरोवराकाठी हे उपकरण घेऊन बसला. सगळा देखावा कागदावर हजर होता, आणि तरी त्याच्या हातून जे उतरलं ते पाहून तो खट्टू झाला. कुठली रेघ घ्यायची आणि कुठली सोडायची हे लोलक सांगत नव्हता. मग हा देखावा कागदावर आपला आपणच उमटला तर, असं त्याच्या डोक्यात आलं आणि तो फोटोग्राफीच्या मागे लागला. चित्र न जमणाऱ्या माणसाचे हे उपकार आपण रोज खिशात घेऊन फिरतो.

गिरवताना डोळे उघडे नसले की काय होतं त्याचा नमुना मी ठाण्यातल्याच एका शाळेच्या प्रदर्शनात पाहिला. विषय होता पहिली आगगाडी. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे. माहिती चोख लिहिली होती. चार्टच्या मधोमध इंजिनाचं देखणं चित्र, एकेक चाक, एकेक आरा. ट्रेस केलेलं आहे हे उघड होतं आणि माझी त्याला हरकत नव्हती. मग जवळ जाऊन पाहिलं तर इंजिनाच्या बाजूला इंग्रजी अक्षरं होती, तीही मुलाने इमानदारीने गिरवलेली: युनियन पॅसिफिक. ही अमेरिकेतली रेल्वे कंपनी १८६२ सालची. म्हणजे ठाण्याला जी गाडी आली तिचं इंजिन नऊ वर्षांनी जन्मणाऱ्या कंपनीचं, आणि समुद्रापलीकडचं. चार्टवर लाल शाईत शेरा होता, "अतिशय सुबक". शेरा देणाऱ्यानेही अक्षरं वाचली नव्हती. ज्या गावात ती गाडी येऊन थांबली त्या गावातली ही शाळा, स्टेशन तिथून चालत दहा मिनिटांवर. त्या मुलाला मी दोष देत नाही. आरेखक परका, अनुरेखक नववीतला, आणि तपासणाऱ्याची ओळ कोरी.

‘सुबक’ हा शब्दच मला छळतो. परीक्षेत प्रश्न असतो, सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. सुबक आधी, नावं मागाहून. हृदयाची आकृती ही काय चित्र आहे? कोणाच्याही छातीत असं लाल-निळं काही नसतं. ती एक खूण आहे, रक्त कुठून येतं आणि कुठे जातं हे सांगणारी. चार चौकोन काढून त्यात बाण दाखवले आणि बाण बरोबर असले तर ते हृदय माझ्या भाचीच्या सव्वा तासाच्या हृदयापेक्षा जास्त खरं. पण त्या चौकोनांना कोणी ‘सुबक’ म्हणणार नाही, म्हणून मुलं पडद्याकडे धावतात. त्यांना आळशी म्हणू नका. सव्वा तास मान वाकवून, पूर्ण ब्राइटनेसच्या पडद्यावर डोळे खुपसून तीनदा रेघ मारणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं? मागणी आहे तसा पुरवठा चालू आहे.

म्हणून शाळांनी बंदीची सूचना मागे घ्यावी आणि जर्नलच्या आकृतीच्या पानावर, उजव्या खालच्या कोपऱ्यात, तीन ओळींची चौकट छापावी. मूळ आकृती कुठली. गिरवली की पाहून काढली. तपासली कोणी. तिसऱ्या ओळीत शेजारच्या बाकावरच्या मुलाचं नाव आलं तर उत्तम, एकमेकांच्या चुका शोधायला मुलांना जन्मतःच आवडतं. आणि समोरच्या पानावर रिकामी ओळ: मोबाइल पालथा घालून, पाच मिनिटांत, आठवेल तशी तीच आकृती पुन्हा. वाकडी चालेल, बटाट्यासारखी चालेल. गुण या बटाट्याला द्यावेत. गिरवलेल्या आकृतीला फक्त पूर्ण केल्याची खूण पुरे. मूळ आकृतीत चूक सापडली तर एक गुण जास्त, समोच्च रेषा छेदतात हे दाखवणाऱ्या माणसाच्या नावाने.

याला शिक्षक म्हणतील की साठ जर्नलं तपासताना हे कोण बघणार. बरोबर आहे, आणि याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण ट्रेस केलंय का हे पानावर नाक लावून हुडकण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा बटाट्यावर नजर टाकायला कमी लागेल. उजवं अलिंद कुठल्या बाजूला आहे हे बटाट्यात एका नजरेत कळतं.

शाळेबाहेरही ही चौकट हवी आहे. हल्ली फोटो पाठवला की पेन्सिल स्केच करून देणारे पुष्कळ आहेत, दिवाळीच्या प्रदर्शनांत त्यांचे स्टॉल असतात. त्यातले काही पडद्यावरून किंवा लाइट बॉक्सवर बाह्यरेषा घेतात आणि मग छायाप्रकाश भरतात. बाह्यरेषा उतरली तरी डोळ्यातली चमक हातानेच आणावी लागते, ते काम खोटं नाही. पण गिऱ्हाईक विचारतं "फ्रीहँड ना?" आणि हा "हो" म्हणतो, तिथं तो घसरतो. दुसऱ्या चित्रकाराचं चित्र नेटवरून घेऊन ट्रेस करून विकणं तर सरळच कायद्यात अडकतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची लक्ष्मी खुशाल गिरवा. काल इन्स्टाग्रामवर पाहिलेली गिरवायची तर आपल्या वहीत, हात बसावा म्हणून गिरवा. विकायची असेल तर जिने काढली तिला आधी विचारा.

भाचीने मध्यंतरी डोळ्याची आकृती काढली. गिरवूनच, पण या वेळी खोलीतला दिवा चालू ठेवायची मी अट घातली होती, म्हणून तिने खिडकीची काच वापरली आणि पुस्तकाची झेरॉक्स. कोपऱ्यात पट्टीने चौकट आखून लिहिलं, मूळ: पाठ्यपुस्तक. गिरवली: मी. तपासली: मावशी. समोरच्या पानावर आठवून काढलेला डोळा लिंबासारखा झाला आहे आणि दृष्टिपटल भिंगाच्या पुढे येऊन बसलं आहे. ते तिने स्वतः फुली मारून मागे सरकवलं. जर्नल तपासून आलं तेव्हा बाईंनी त्या चौकटीभोवती लाल पेनने गोल केला होता. शेजारी काही लिहिलेलं नाही, बरोबरची खूण नाही, फुलीही नाही.

"ओरडल्या नाहीत ना," भाची म्हणाली, "म्हणजे चाललं."